ती. आई-बाबांस, डेन्व्हरहून

डेन्व्हर, जुलैअखेर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

ग्रुपवर आमच्या इथल्या पार्कांच्या सहलीचे फोटो टाकले तर आईचा अंगठा आला, बाबांचं काहीच आलं नाही. फोनवर आई म्हणाली, "डोंगरच बघायचे तर एवढं पेट्रोल कशाला जाळलंत? आपल्याकडे काय डोंगर नाहीत?" तेव्हा मागच्या सीटवर मुलांची मारामारी चालली होती आणि रेंज जात-येत होती, म्हणून उत्तर राहिलं. बाबा फोनवर दोन वाक्यांच्या पुढे बोलत नाहीत, मोबाइलवरचं लांबलचक वाचत नाहीत. म्हणून कागदावर लिहितोय. अक्षर बिघडलंय, सांभाळून घ्या.

यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो. पुढच्या वर्षी यातलं निम्मं तरी मला तुम्हा दोघांना दाखवायचंय. त्यामुळे सबंध प्रवासात मी डोंगर कमी आणि बाकं, कठडे, पायऱ्या जास्त बघत होतो. शेवटी सूनबाई म्हणाली, "तू फिरायला आलायस की पीडब्ल्यूडीच्या पाहणीला?"

बाबा, तुमच्यासाठी एक आकडा. कळसूबाई 1,646 मीटर आणि आमचं डेन्व्हर 1,609. म्हणजे इथे बैठकीत चहा पितानाही तुम्ही जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर असता. गेल्या खेपेला जिना चढताना तुम्हाला दम लागला आणि "आता वय झालं" म्हणून तुम्ही दोन दिवस गप्प होतात, त्यातला निम्मा दम हवेचा होता.

पहिल्याच दिवशी रॉकी माउंटन पार्कमधला ट्रेल रिज रस्ता केला. डांबरी सडक थेट 3,713 मीटरपर्यंत चढते. साडेतीन हजारांच्या आसपास झाडं संपतात आणि पुढे नुसतं पठार, जूनच्या शेवटीही रस्त्याकडेला मळकट बर्फ. त्या पठारावर फुलं होती. करंगळीच्या नखाएवढी, निळी, गुलाबी, पिवळी, जमिनीला चिकटून. मला थेट कासच आठवलं. कासला कातळावर बोटभर माती असते म्हणून झाडं वाढत नाहीत, इथे थंडी आणि वारा वाढू देत नाही. पण दोन्हीकडे थोडक्या दिवसांत सगळं उरकायची तीच घाई. पायवाट सोडून पाऊल टाकू नका, अशा पाट्या इथेही आहेत, कारण तुडवलेलं झुडूप पुन्हा धरायला वर्षानुवर्षं लागतात. आणि कासला कारण नसताना फुलांत बसून फोटो काढणारे इथेही आहेतच! बारक्याने एका काकांना मोठ्याने टोकलं, आम्ही दुसरीकडे बघितलं.

हा रस्ता मात्र मी तुमच्या यादीतून काढलाय. वर थोरलीचंही डोकं दुखायला लागलं, तिथे ॲन्जिओप्लास्टी झालेल्या माणसाला नेण्याची हौस मला नाही. कासच्या फुलांवर समाधान माना.

मग वायोमिंग. दिवसभर गाडी चालवली तरी गवत, वारा आणि हरणांसारखी दिसणारी प्राँगहॉर्न, बाकी काही नाही. 2020च्या जनगणनेत या अख्ख्या राज्याची वस्ती 5 लाख 77 हजार होती. आपल्या सातारा जिल्ह्याची 2011मध्येच 30 लाख होती. रात्री रस्त्याकडेच्या एका लहानशा गावात मोटेलमध्ये उतरलो तर काउंटरवर नवसारीकडचे एक गुजराती काका. इथली कितीतरी मोटेलं गुजराती मंडळींची असतात, हे ऐकून होतो. पण त्या ओसाड माळावर आल्याचा चहा मिळेल असं वाटलं नव्हतं. काकूंनी सकाळी बरोबर थेपले बांधून दिले. आई, तुझं गिरगावातलं गुजराती तिथे उपयोगी पडलं असतं. मी आपला "केम छो"च्या पुढे जाऊ शकलो नाही.

ग्रँड टेटनबद्दल फार लिहीत नाही, कारण ते फोटोत बरं येतं. एवढंच सांगतो, की आपल्याकडे डोंगर येण्याआधी टेकड्या येतात, घाट येतो, मनाची तयारी होते. तिथे सपाट गवताळ मैदानातून डोंगर एकदम सरळ उठतात, मध्ये पायथ्याच्या टेकड्याच नाहीत. भूगर्भातल्या भेगेच्या एका बाजूची जमीन उचलली गेली आणि दुसरी खचली, त्यामुळे. रॉकीतले हे सगळ्यांत तरुण डोंगर, एक कोटी वर्षांपेक्षाही लहान. तिथे सिग्नल माउंटन नावाचा डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर गाडी जाते. तुमच्या यादीत पहिला तो.

आता यलोस्टोन. इथे जरा दम खाऊन लिहितो.

बाबा, उंचावर पाणी लवकर उकळतं हे तुम्ही वर्गात शिकवायचात. ओल्ड फेथफुल या उष्ण पाण्याच्या कारंज्यापाशी पाणी 93 अंशांनाच उकळतं. (आमच्या छोट्या इलेक्ट्रिक कुकरमध्ये तूरडाळ शिजेना, त्याचं कारणही तेच. मूगडाळीच्या खिचडीवर भागवलं.) जगातली निम्म्याहून जास्त गरम पाण्याची कारंजी या एका पार्कात आहेत. ओल्ड फेथफुल साधारण दीड तासाने उडतं, पण घड्याळ लावून नाही. आधीचा फवारा किती वेळ टिकला, त्यावरून रेंजर पुढची वेळ काढतात आणि "दहा मिनिटं इकडेतिकडे" असं लिहून ठेवतात. आमच्या वेळी चारेक मिनिटं उशीर झाला. एसटीपेक्षा बरं.

महत्त्वाचं म्हणजे कारंज्याभोवती अर्धगोलात बाकंच बाकं आहेत. वाहनतळापासून तिथवर सपाट वाट, पायरी एकही नाही. आई, तू बाकावर बस, आपोआप तुझ्यासमोर तीस-चाळीस मीटर उंच पाणी उडेल. फक्त सावली नाही, तेव्हा छत्री घे.

बाकीच्या कुंडांमधूनही लाकडी फळ्यांची वाट केलीय. तिच्यावरून पाय खाली ठेवायचा नाही, कारण वरचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी. माणसं त्यात पडून मेलीत, म्हणून मी बारक्याचा हात सोडला नाही. ग्रँड प्रिझमॅटिक नावाचं कुंड शंभर मीटरपेक्षा जास्त रुंद आहे. मधे निळं आणि कडेला पिवळं, नारिंगी, विटकरी. मधलं पाणी इतकं गरम की तिथे जवळपास काही जगत नाही. कडेला निवत जातं तसे वेगवेगळे जीवाणू वस्ती करतात, ते रंग त्यांचे. आणि आई, याच पार्कातल्या एका गरम झऱ्यात 1966मध्ये थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाला एक जीवाणू मिळाला. उष्णतेत न बिघडणारं त्याचं विकर पुढे पीसीआर चाचणीसाठी कामी आलं. कोरोनात तुझ्या नाकात काडी घातली आणि तू त्या पोराला शिव्या घातल्यास, ती चाचणी. थोरलीला हे सांगितलं तर तिने त्या कुंडाला नमस्कार केला. मी तिला काही म्हणालो नाही.

गवे बघायला कोयनेच्या बाजूला जाऊन आपण रिकाम्या हाताने परत यायचो, आठवतं? इथे हेडन व्हॅलीत बायसनचा कळप रस्त्यावर आला आणि गाड्या तासभर उभ्या. एक तर आरशाला घासून गेला. खाली उतरलं तर 23 मीटर लांब राहायचं असा नियम आहे, पण तोच चालत आला तर काय करणार? काचा वर करून बसलो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यलोस्टोनमध्ये हे जेमतेम दोन डझन उरले होते, आता काही हजार आहेत. अस्वल लांबून दिसलं, एका ठिपक्याइतकं. तंबूच्या जागी मात्र अस्वलांची भीती खरी. खायचं काहीही गाडीत उघडं ठेवायचं नाही, सगळं लोखंडी पेटीत. आईचा गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, साबण, टूथपेस्ट, सगळं त्या पेटीत एकत्र. दुसऱ्या दिवशीच्या खिचडीला जरा मिंटचा वास होता.

पार्काच्या उत्तरेला एक कडा आहे, शीपईटर क्लिफ. बेसॉल्टचे सहाकोनी खांब शेजारी शेजारी उभे. तुम्ही मला अंधेरीला काकांकडे गेलो असताना गिल्बर्ट हिल दाखवली होती, तेच. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि यलोस्टोनचा शेवटचा महास्फोट सुमारे 6 लाख 40 हजार वर्षांपूर्वीचा. आपला ज्वालामुखी कधीचाच विझलाय, यांचा पायाखाली अजून धुमसतोय. कड्याला नाव पडलं ते इथे राहणाऱ्या शोशोनी लोकांवरून. रानमेंढ्यांची शिकार करणारे म्हणून 'मेंढ्या खाणारे'. 1872मध्ये हा जगातला पहिला राष्ट्रीय पार्क झाला आणि थोड्याच वर्षांत या माणसांना बाहेरच्या राखीव वस्त्यांमध्ये जावं लागलं. पाटीवर दोन ओळी होत्या. पाटणच्या शाळेत असताना कोयनेच्या पाण्यात गेलेल्या गावांची नावं तुम्ही आम्हाला नकाशावर बोट ठेवून सांगायचात, आणि त्या गावांतल्या घरांची पोरं पहिल्या बाकावर बसलेली असायची. मुलांना मी तसंच सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही तुमच्यासारखं.

खाली उतरून युटाहमध्ये गेलो तर पारा 40 अंशांजवळ. आर्चेसमधल्या दगडी कमानी बघायला पहाटे निघालो. डेलिकेट आर्च इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर असते. तिच्यापर्यंत जाऊन-येऊन जवळपास पाच किलोमीटरची चढण, सावली शून्य, तुमच्यासाठी नाही. पण खालच्या वाहनतळापासून शंभरएक पावलांवरून ती लांबून दिसते. लँडस्केप आर्च नावाची दुसरी कमान 93 मीटर रुंद आणि मधे इतकी बारीक की बघूनच धाकधूक होते. 1991मध्ये तिचा मोठा तुकडा खाली आला, तेव्हापासून तिच्याखाली जाऊ देत नाहीत. उन्हाळ्यात इथे तुम्हाला आणणार नाही, हे मात्र पक्कं.

मेसा व्हर्दे मला सगळ्यांत जास्त आवडलं आणि मुलांना सगळ्यांत कमी. कड्याच्या पोटात, वरच्या खडकाच्या छताखाली, दगडी घरांचं अख्खं गाव. क्लिफ पॅलेसमध्ये दीडशेच्या आसपास खोल्या आहेत. साधारण आठशे वर्षांपूर्वी पुएब्लो लोकांनी बांधलं आणि शंभरेक वर्षांत दुष्काळ वगैरे कारणांनी सोडून दक्षिणेला गेले. पुस्तकात लिहिलेलं असतं, की 1888मध्ये दोन गुराख्यांना हे 'सापडलं'. अजिंठाही 1819मध्ये शिकारीला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला 'सापडला' म्हणतात ना, तसंच. जणू त्या खोऱ्यात दुसरं कोणी राहतच नव्हतं! तिथली रेंजर मात्र स्पष्ट बोलली: हे लोक नाहीसे झालेले नाहीत, त्यांचे वंशज न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात आहेत, विचारायचं तर त्यांना विचारा. आत जायला लाकडी शिड्या चढाव्या लागतात, तेव्हा आईचे गुडघे म्हणतील नको. पण समोरच्या कठड्यावरून सगळं गाव दिसतं. बाबांची दुर्बीण आणा.

आता मुद्द्याचं. पार्कांमधल्या बऱ्याच स्वच्छतागृहांत पाणी नसतं. आई, हे तुला आधीच सांगितलेलं बरं. गाडीत तुझा तांब्या आणि पाण्याचे कॅन असतील, काळजी नको. वाटेत मी दर दीड-दोन तासांनी थांबेन. बाबांच्या गोळ्यांचा डबा माझ्याकडे.

सप्टेंबर धरा. उन्हाळ्याची गर्दी ओसरते, हवा थंड होते आणि एल्क नावाच्या मोठ्या सांबरांचं ओरडणं ऐकू येतं. मुलांची शाळा असेल, त्यामुळे सूनबाई त्यांच्याबरोबर इथे आणि आपण तिघंच. गौरी-गणपती आटोपले की लगेच निघा. पितृपक्षात प्रवास नको, असं आई म्हणेल. पण श्राद्धाची तिथी उरकून निघता येतं, मी गुरुजींना फोन करून विचारलंय.

"आता कुठे आमच्याने होतंय" हे मला पत्रातून कळवू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा: अडीच हजार मीटरवर चार दिवस चालेल का? एवढाच प्रश्न. आईच्या पासपोर्टची मुदत बघा, माझ्या आठवणीप्रमाणे येत्या वर्षात संपतेय. बाबांचा व्हिसा अजून चालू आहे. कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये दोन्ही आहेत, वरच्या कप्प्यात, एलआयसीच्या कागदांखाली. सापडले की फोटो काढून पाठवा. अंगठा नको, फोटो.

तुमचा
बाळू