पाण्याची वाट बघता बघता

सोलापूर, रात्री दीड

प्रिय श्रीनिवास,

काय बे, झोपलास का? मी जागाच आहे. आज आमचा पाण्याचा दिवस, म्हणजे रात्र. मागच्या खेपेला पाचव्या दिवशी आलं, तेही पहाटे तीनला. नळ आधी नुसता फुसफुसतो, मग गढूळ येतं ते झाडांना, मग बॅरल, हंडे, कळशा. आई चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवते. फुसफुस ऐकू यावी म्हणून नळाशेजारीच पाट टाकून बसलोय.

परवा तुमच्या पिंपरी-चिंचवडमधल्या वाकडच्या टँकरवरून वैतागलास ना, "बाहेरच्यांनी येऊन वाट लावली" म्हणालास. हसू आलं रे. बाहेरचे म्हणजे कोण? तूच की! आणि मी सोडून आपली अख्खी बॅच.

2001 ते 2011 मध्ये पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून सव्वासतरा लाखांवर गेलं. आपलं सोलापूर तेवढ्याच काळात 8,72,478 वरून 9,51,558, म्हणजे जेमतेम नऊ टक्के वाढ. आता सांग, तुझ्याकडे माणसं वाढली म्हणून पाणी नाही, तर माझ्याकडे का नाही?

इथे माणसांपेक्षा हद्द वाढली. 1992 ला 33 चौरस किलोमीटरचं शहर एका फटक्यात 178 चं झालं. बाळे, केगाव, शेळगी, देगाव, सोरेगाव सगळं आत. कागदावर रेघ ओढायला वेळ लागत नाही. नळ, गटार, दिवा त्या रेघेपर्यंत न्यायला पिढी जाते. उजनी धरणावरून पाइपलाइन आली 1998 ला, शंभराहून जास्त किलोमीटरची. आमच्या कॉलनीला अजून लोक 'हद्दवाढ भाग' म्हणतात. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेल्या बाईला आजही नवी सून म्हणावं तसं.

आणि इथल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या केसपेपरच्या रांगेत उभा राहून बघ. मागे कानडी, पुढे तेलुगू, मध्ये धाराशिवकडची मराठी. कलबुर्गी, विजापूरकडचे पेशंट आपल्या जनगणनेत नाहीत, पण खाट त्यांनाही लागतेच. डोकी मोजून खाटा ठरवणाऱ्याला ही रांग दिसत नाही. त्यांना हाकलायचं का? मला तरी जमणार नाही.

तुझे आजोबा तिकडे तेलंगणातल्या करीमनगरकडून आले तेव्हा इथल्या पूर्व भागात त्यांना कोणी "बाहेरचे" म्हणालं असेलच. त्यांच्या मागावरच्या चादरीवर मी तुमच्याकडे किती दुपारी झोपलोय! आणि तू टँकरवाल्याच्या मागे उभ्या बिहारी पोराला शिव्या घालतोस. त्याचा राग कर, पण परवानग्या देताना पाण्याचा हिशेब न करणाऱ्यावर आधी कर.

दिवाळीला येण्याआधी फोन कर, पाणी कधी आहे ते बघून तारीख सांगतो. गेल्या वेळी तू आलास चौथ्या दिवशी, आणि वहिनींना आंघोळीला अर्धी बादली मिळाली. आई अजून ते विसरलेली नाही.

तुझाच,
सुधीर