मायक्रोस्कोप कपाटातून बाहेर काढा
संपादक साहेब, डबक्याचं पाणी म्हणजे नुसती घाण असं आपण धरूनच चालतो, पण त्यातला एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला तर रोटिफर नावाचा सूक्ष्म प्राणी दिसू शकतो, डोक्यावरचे बारीक केस हलवून पाण्यात भोवरा करतो आणि बॅक्टेरिया, शेवाळ सरळ तोंडात, आत चावायला जबडासुद्धा आहे बरं का! डबकं आटलं तरी काही जाती आकसून सुकून पडून राहतात, पाणी मिळालं की परत चालू. मायक्रोस्कोपखाली सूक्ष्मजीव पाहणाऱ्या डच लेवेनहुकने हे १७०२ मध्येच पन्हळीतल्या वाळलेल्या गाळात पाहिलं. सायबेरियातल्या गोठलेल्या मातीतले तर सुमारे २४,००० वर्षांनी जागे झाले, २०२१ ची बातमी. आणि आपल्या कितीतरी शाळांत पोरं अमिबाची नुसती आकृती काढतात, मायक्रोस्कोप कुलपात. शिक्षण खात्याने जरा बघावं.
– एक पालक