खिशातलं मंगळसूत्र

सोलापूर,
रविवार रात्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आज तीनदा येऊन गेला, मी उचलला नाही. रागावू नकोस. फोनवर "छान झालं" एवढंच म्हणून मोकळा झालो असतो, आणि बाबा काहीतरी गिळतायत हे तू लगेच ओळखलं असतंस. म्हणून कागद घेतलाय. फोटो काढून पाठवतो, अक्षर लावून घे.

काल संध्याकाळी हुतात्मा स्मृती मंदिरात 'सौभद्र' हे संगीत नाटक झालं. आईचा नववा प्रयोग, मी पाहिलेला पहिला. पुण्याच्या पहिल्या प्रयोगाला तू गेलीस तेव्हा मी दुकानाचं कारण सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. मला धास्ती वाटत होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी सुभद्रा, लोक हसले तर? चाटी गल्लीत आपल्या शेजारच्या दुकानदारानं तर तोंडावर विचारलं होतं, "शेठ, सुभद्रेला इंजिनिअरिंगला गेलेली पोरगी हाय व्हय?" मी नुसता हसलो. उत्तर रात्री अंथरुणात सुचलं: 1882 साली सुभद्रा पहिल्यांदा उभी केली ती भाऊराव कोल्हटकरांनी. लुगडं नेसलेला पुरुष चालला, मग माझी बायको का नको? पण गिऱ्हाईक निघून गेल्यावर भाव सुचून काय उपयोग.

दुपारी नाटकमंडळींची बस थेट थिएटरवर गेली. आई घरी आलीच नाही. स्वतःच्या गावात येऊन पाहुणीसारखी! मी जरा घुश्श्यातच डबा घेऊन गेलो. ग्रीन रूममध्ये ती आरशापुढे रंग लावून बसलेली, मागे एक मुलगी गंगावन बांधत होती. आईनं गळ्यातलं मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "हे ठेवा. सुभद्रेचं लग्न शेवटच्या अंकाशिवाय होत नाही."

आवाज ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. घसा पार बसलेला. नवव्या प्रयोगापर्यंत बसमधली जागरणं, गावोगावचं पाणी, दुसरं काय होणार? "अगं, काय बोलायलीस, आवाज बघ तुझा," म्हटलं. तर म्हणे, "ऑर्गनवाल्यांना सांगितलंय, पट्टी उतरवतील. तुम्ही जाऊन बसा." अर्जुन शेजारी उभा होता. तीस-एकतीसचा पोरगा. माझ्या पाया पडला आणि मला 'काका' म्हणाला. आता ह्याच्याच विरहात माझी बायको दोन अंक झुरणार!

मी शेजारच्या काकूंना घेऊन गेलो होतो. त्यांचा उत्साह विचारू नकोस. नाटक लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आमच्या कर्नाटकातले, नाटकातल्या कित्येक चाली कानडी, हे त्यांनी तिसरी घंटा होईपर्यंत मला दोनदा सांगितलं. पुढच्या तीन रांगांत आईच्या शाळेतल्या मुली. तिनं बिनपगारी रजा टाकल्यापासून त्यांचा गाण्याचा तास बंदच आहे. पडदा वर गेल्यावर पहिल्या प्रवेशभर नुसती कुजबुज, "मॅडम कधी येणार?" पूर्वी हे नाटक रात्रभर चालायचं, शंभरावर पदं होती. आता काटछाट करून तीन तासांत बसवतात. माझ्यासारख्याला तेवढं पुरे.

गोष्ट तुला ठाऊकच आहे. बलरामाला बहीण दुर्योधनाला द्यायचीय, तिचा जीव अर्जुनावर. त्या कोंडीतलं 'वद जाऊ कुणाला शरण' आलं तेव्हा मी खुर्चीच्या कडेला आलो. हे पद मी स्वयंपाकघरात पहाटे पाचला किती वेळा ऐकलंय याची गणती नाही. दुकानात डझनावारी टॉवेल मोजावेत तसे तिचे श्वास मला पाठ आहेत. कुठे घेणार, कुठे चोरणार, सगळं. काल एकही जागेवर आला नाही. मोठी तान तिनं मध्येच मोडून दोन केल्या. 'शरण' शब्दावर सूर सुटला, तर तिनं तो धरायचा प्रयत्नच केला नाही, जवळजवळ बोललीच तो शब्द. थिएटर चिडीचूप. लोकांना तो अभिनय वाटला. मनात म्हटलं, हा घसा आहे, अभिनय नाही, हे इथे मला एकट्यालाच कळलंय. थोड्या वेळानं वाटलं, छे, मीच एकटा घसा ऐकत बसलोय. बाकीच्यांनी सुभद्रा ऐकली.

आणि वन्स मोअर आला. आधी मागून, मग सगळीकडून. सगळ्यात मोठा आवाज काकूंचा. मुक्ता, उठून ओरडावंसं वाटलं, की बाई आजारी आहे, सोडा तिला. खिशातलं मंगळसूत्र इतकं घट्ट धरलं होतं की मणी तळहातावर उमटले. तिनं ऑर्गनकडे बघून नुसती मान हलवली. ठेका सुरू झाला. दुसऱ्या वेळी ताना सगळ्या गाळल्या. सरळ चाल, सरळ शब्द. पहिल्यापेक्षा चांगलं झालं. माझ्यापुढच्या म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत त्यानंच मला विचारलं, "कोण हो ह्या बाई? सोलापूरच्याच म्हणे?" मी म्हटलं, "हो, इथल्याच." नवरा आहे हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं कौतुक बेतानं केलं असतं त्यानं. "गाणाऱ्या नटी फय्याजबाईही आपल्याच गावच्या," म्हणाला. माझ्या हातातला वडा तसाच गार झाला.

प्रयोगानंतर घरी यायला सवडच नव्हती. आज दुपारी कोल्हापूर, परवा सांगली. माणसं राजवाड्याचे पडदे गुंडाळून ट्रकमध्ये चढवत होती, आणि आई अर्धा रंग पुसलेल्या तोंडानं उभ्या उभ्या कडक भाकरी-चटणी खात होती. कुस्करायला दूध नव्हतं, तर चहात बुडवली. घशाला ज्येष्ठमध दिला, बसमध्ये पांघरायला सगळ्यांना मिळून आठ चादरी दिल्या. 'काका' म्हणणाऱ्या त्या पोराला जाडी बघून दिली. तिनं विचारलं, "कसं झालं?"

मी म्हटलं, "पट्टी बरोबर उतरवली."

ती हसली. "म्हणजे आवडलं."

बस साडेबाराला सुटली. घरी येऊन सदरा काढताना खिशात हाताला लागलं. घाईत मंगळसूत्र परत घ्यायला ती विसरली, द्यायला मीही विसरलो. सकाळी फोन केला, कुरिअरनं पाठवू का म्हणून. आवाज अजून बसलेलाच होता. "कुरिअर कशाला? सांगलीची माणसं शब्द चुकला तरी पकडतात. समोर कुणीतरी आपलं बसलेलं बरं."

मंगळवारी पहाटेची एसटी आहे. दुकानाच्या किल्ल्या शेजाऱ्याकडे देऊन जाणार आहे, म्हणजे कुठे चाललो ते त्याला सांगावंच लागेल.

तुझा,
बाबा

ता. क. मेसचे पैसे टाकलेत, बघून घे.