नंबर प्लेटसाठी लावलात तेवढा जोर विम्यासाठी लावा

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी केज तालुक्यातला निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझ्या चुलतभावाला गावच्या फाट्यावर मोटारसायकलने उडवलं. तो पायी घरी येत होता. मांडीचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली, अजून कुबडी सुटली नाही. गाडीवाला शेजारच्या गावचा, तीन एकर कोरडवाहूचा धनी. गाडीचा विमा सात महिन्यांपूर्वीच संपला होता. "शोरूमवाल्यानं काढून दिला होता की," एवढंच तो सांगत राहिला.

तो खोटं बोलत नव्हता. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा विमा, एकदमच घ्यावा लागतो. पाच वर्षं मालकाला काही बघावं लागत नाही, आणि सहाव्या वर्षी त्याला आठवण करून देणारं कोणी भेटत नाही. कागद ट्रंकेत, त्यावरचा मोबाईल नंबर कधीचा बंद.

दावा सुरू आहे. वकील म्हणतात, भरपाई मिळेल, पण विमा नाही म्हटल्यावर ती गाडीमालकाकडूनच वसूल करावी लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्या दारात येऊन बसली. एक एकर विकायला काढलंय म्हणाली. भावजयीने तिला चहा दिला; दोघीही काही बोलल्या नाहीत. भरपाई मागावी तर त्यांची जमीन जाते, सोडावी तर आमच्या घरात औषधाला पैसा नाही. साहेब, या दोन घरांना एकमेकांसमोर उभं करणारी रक्कम किती होती? 75 ते 150 सीसीच्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता 1 जून 2022 च्या दरांप्रमाणे 714 रुपये, वर जीएसटी.

विमा नसेल तर दंड 2000 रुपये, पुन्हा सापडला तर 4000. नाकाबंदीत पावती फाटते आणि तीच गाडी विम्याशिवाय पुढे निघते. माझ्या मुलाची दुचाकी जिल्ह्याच्या ठिकाणी टोइंगवाल्यांनी उचलली, तेव्हाही दंड आणि उचलण्याचे पैसे भरून गाडी सुटली. विम्याचं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आभारच मानले असते.

मनात आणलं तर आपलं खातं काय करू शकतं, हे जुन्या गाड्यांच्या नव्या नंबर प्लेटच्या वेळी दिसलं. 1 एप्रिल 2019 आधीच्या प्रत्येक गाडीला पाटी बसवायची म्हणून दुचाकीला 450 रुपये अधिक जीएसटी ठरले, केंद्रं उघडली, मुदत पुन्हा पुन्हा वाढवून दिली. म्हातारी माणसंसुद्धा गाड्या घेऊन रांगेत उभी राहिली. त्याच रांगेत नंबर टाकून विम्याची तारीख बघितली असती तर किती गाड्यांचं काम जागच्या जागी झालं असतं!

हप्त्याचा दर केंद्राच्या हातात आहे, ते मला कळतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 प्रमाणे तडजोडीचा, म्हणजे कोर्टात न जाता भरून मिटवायचा, दंड किती घ्यायचा, हे राज्य ठरवतं. म्हणून मागणी एवढीच: पहिल्यांदा सापडलेल्या दुचाकीवाल्याने आठ दिवसांत विमा काढून दाखवला, तर त्याचा दंड नाममात्र करा. त्याचे 2000 रुपये सरकारच्या तिजोरीत गेले काय नि न गेले काय, फाट्यावर पडलेल्या माणसाला त्यातलं काही मिळत नाही. विमा संपण्याच्या महिनाभर आधी मालकाला मराठीत मेसेज पाठवा. ज्यांचे मोबाईल नंबर बदललेत, त्यांची यादी ग्रामपंचायतीत लावा.

आणि सोयाबीनचे पैसे हातात येतात त्या दिवसांत आठवडी बाजारात आरटीओचं एक टेबल टाका. आमच्या गावात टाकलंत तर गाड्यांचे नंबर लिहून घ्यायला मी स्वतः बसेन.

आपला,
केज तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक