दाब वाढवण्याआधी पिस्टन पाहा

माननीय संपादक,

गोव्यातल्या डिचोलीत माझा स्वतःचा ट्रक आहे. 2018 मध्ये इथल्या खाणी बंद पडल्यावर खनिजाऐवजी सिमेंट वाहू लागलो. भरलेली गाडी अनमोड घाटात दम टाकायची, म्हणून एका गॅरेजवाल्याचे ऐकून टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या यंत्राचा, दाब आणि इंजिनाच्या इंधनपंपाचे डिझेल दोन्ही वाढवून घेतले. दोन महिने गाडी घाट नुसती खात होती. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले, पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. इंजिनाचे हेड उघडले तर त्याखालचे गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी चकती) दोन सिलिंडरांमध्ये जळालेले, तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर बोटाच्या पेराएवढा खड्डा, कडा मेणासारख्या ओघळलेल्या.

टर्बोचाच भाऊ सुपरचार्जर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पट्ट्यावर फिरतो, टर्बो धुराच्या जोरावर. दोघांचे काम एकच, सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणे. मुळातच जास्त दाबासाठी घडवलेल्या इंजिनात कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) बेताचे ठेवतात, पिस्टनला खालून तेलाची धार देतात, हवा इंटरकूलरमधून थंड करून घेतात. आपण यातले काहीच न बदलता फक्त दाबाचा आणि डिझेलचा स्क्रू पिळतो. हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले की काळा धूर निघतो आणि आतली उष्णता पिस्टन सोसतो. घाट चढून आल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालू न ठेवता बंद केले, तर टर्बोच्या बेअरिंगमधले तेल करपते, हेही मला उशिरा कळले.

वाहतूक खात्याने गाडीच्या फिटनेस तपासणीच्या वेळी इंधनपंपाचे सील कोणी तोडले आहे का ते तपासावे. ट्रकवाल्या भावांनो, कोणी दाब वाढवून देतो म्हणाला तर माझ्याकडे या, तो पिस्टन मी जपून ठेवला आहे.

– एक ट्रकमालक, डिचोली