आखाजीला येतेय

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आता मशीनच बोलतं म्हणे, मग तुझं काय?" घाईत मी "काही होत नाही" म्हणाले. ते खरं नव्हतं.

'मराठीसाठी एक दाबा' सांगणारा आवाज, कंपन्यांच्या ट्रेनिंगचे व्हिडिओ, असल्या लहान कामांवर माझं घरभाडं निघायचं. ती बरीचशी एआयकडे गेली. डबिंग आणि ऑडिओबुकं अजून हाताशी आहेत.

गेल्या महिन्यात केळीच्या खताची जाहिरात होती. मशीनने वाचलेलं दुरुस्त करायला मला बोलावलं. त्याने 'जमीन'मधला ज 'जीव'मधल्यासारखा म्हटला, अगदी हिंदी वळणाचा. आपण दोन्ही ज सारखेच लिहितो, त्याला फरक कळणार कसा? मी वाचून दाखवलं, तर त्यांनी कागदच पुढे केला. माझा आवाज कायमचा, कुठेही, कशालाही वापरायची मुभा, पैसे एकदाच. सही नाही केली. बाबा, तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यात झालं असतं. रात्रभर डोळा लागला नाही.

अमेरिकेत व्हिडिओ गेमला आवाज देणारे याच कारणावरून जुलै 2024 पासून जवळजवळ वर्षभर संपावर होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची विनापरवानगी नक्कल करायला मनाई केली. पण त्याचा आवाज देश ओळखतो. माझा रोज हजारो लोक ऐकतात आणि कोणालाच माझं नाव माहीत नाही. म्हणून आता प्रत्येक करारात मी एक ओळ घालून घेते: हा आवाज मशीनला शिकवायला वापरायचा नाही. काही कामं त्यामुळे जातात. जाऊ देत.

आई, तुला एक सांगायचं राहून गेलंय. पहिल्या वर्षी स्टुडिओत मी 'केळी'ला 'केयी' म्हणाले आणि सगळे हसले. मग आरशासमोर महिनाभर ळ घोटला. तुझं बोलणं मी जिभेवरून खरवडून काढलं, त्याचं आता फार वाईट वाटतं. या अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माईक घेऊन येतेय. झोक्यावरची तुझी सगळी गाणी रेकॉर्ड करायची आहेत. विकायला नाही, आपल्या घरासाठी.

पंखा बंद ठेवावा लागेल, म्हणून पहाटे चारला बसू, उकाडा होण्याआधी. माईकमागे लावायला माळ्यावरच्या दोन जाड गोधड्या काढून ठेव. आणि बाबा, तेवढा वेळ विहिरीवरची मोटर चालू करू नका.

तुमची,
ताई