बदामाचे पान चालते, करंजाचे नाही

संपादक महोदय,

पानगळ सुरू झाली की आपल्या नागपुरात देशी बदामाची लाल पाने झाडून ढिगात पेटवली जातात आणि तीच पाने फिश टँकवाले, पाण्याला रंग आणि थोडे आम्ल यावे म्हणून टँकमध्ये टाकायला, दुकानातून पाकिटाने विकत आणतात. हल्ली काही जण ती स्वतः वेचू लागले आहेत, हे बरेच झाले. पण बदामाबरोबर हाताला लागेल ते पान आणि रस्त्यात पडलेली डहाळीही टँकमध्ये जाऊ लागली आहे. विचारले तर म्हणतात, झाडाचेच आहे, काय होते! मत्स्यशेतीत तळ्यातले नको असलेले मासे मारायला हेक्टरी दोन ते अडीच हजार किलो मोहाची पेंड टाकतात. तीही झाडाचीच असते.

मोहाच्या पेंडीत, रिठ्यात आणि शिकेकाईत फेस आणणारे जे द्रव्य असते ते सॅपोनिन. माशाच्या कल्ल्यांचा पातळ पडदा त्याने खराब होतो आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हिंगणबेट आणि गेळ या झाडांचा वापर मासे बेशुद्ध करायला पूर्वापार होत आला आहे. करंज आणि कडुनिंब आपल्या रस्त्यांवर सगळीकडे, पण दोघांतही किडे मारणारी द्रव्ये आहेत. सीताफळाचेही तसेच. कण्हेर, बिट्टी, धोत्रा, नाल्याकाठचा बेशरम, निलगिरी यांच्या वाटेला जाऊ नये. तोडल्यावर पांढरा चीक येतो ते झाड सोडून द्यावे: रुई, शेर, सप्तपर्णी, चाफा. तुतीला चीक असतो, तरी तिची पूर्ण वाळलेली पाने चालतात, हा अपवाद. आणि ज्या झाडाचे नाव ओळखता येत नाही त्याचे पान कितीही सुंदर असले तरी वहीत ठेवावे.

खात्रीची म्हणून चार नावे पुरेत: देशी बदाम, पेरू म्हणजे आपला जाम, तुती आणि केळ. पान झाडाने स्वतः टाकलेले हवे, तोडलेले नको. गळण्यापूर्वी झाड पानातला बराच अन्नांश परत ओढून घेते. हिरव्या पानात तो तसाच असतो, म्हणून ते पाण्यात सडते, पाणी दुधाळ होते आणि प्राणवायू घटतो. गळलेली पाने धुऊन सावलीत वाळवावीत, मुठीत चुरचुरली की झाली. बुरशीचे ठिपके किंवा किड्यांची जाळी दिसली तर टाकून द्या. कागदात गुंडाळून कोरड्या चुंगडीत ठेवली तर वर्षभर टिकतात.

कुठून उचलली हे झाडाच्या नावाइतकेच महत्त्वाचे. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे असलेल्या झाडाखालची साल-काटक्या नकोत. वस्तीत डासांसाठी धूरफवारणी झाली असेल तर तिथली पानेही नकोत, कारण त्या औषधांतली पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशके माशांना फार कमी मात्रेत मारतात. शेतातली पऱ्हाटी आणि धुऱ्यावरच्या काड्या फवारणीमुळे बाद. संत्र्याच्या छाटणीची वळणदार फांदी पाहून मोह होतो, पण डिंक्या रोगासाठी बुंध्याला बोर्डो मलम लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद म्हणजे तांब्याचे क्षार. ते सालीत राहिले तर टँकमधल्या कोळंब्या आणि गोगलगाई आधी मरतील, मासे मागाहून. राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून काडीही उचलू नये, तो वन आणि वन्यजीव कायद्यांखाली गुन्हा आहे. शहरातली झाडे तोडायलाही १९७५च्या राज्याच्या झाडे जतन कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

टँकमध्ये फांदी ठेवायचीच तर घरच्या परसातली जामाची किंवा चिंचेची, झाडावरच वाळलेली सर्वांत बरी. वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. नखाने खरवडल्यावर आत हिरवे दिसले तर आणखी काही महिने वाळवा, नख रुतले तर ती कुजलेली आहे. साल पूर्ण सोला. सालीखाली गर सडतो आणि किडेही तिथेच दडतात. मग ब्रशने घासून, साबण-फिनाईल न वापरता, तासभर उकळा. जाड असेल तर दोन तास. प्रेशर कुकर वापरू नका, सालीचा चुरा शिट्टीच्या भोकात अडकतो. भांड्यात न मावणाऱ्या फांदीवर उकळते पाणी तीन-चार वेळा ओता. त्यानंतर बादलीत दोन ते चार आठवडे भिजवा, पहिला आठवडा पाणी रोज बदला. बादलीत हात फिरवल्यावर फेस येऊन तसाच राहिला, पाण्यावर तेलकट तवंग आला किंवा उग्र वास सुटला, तर ती फांदी चुलीत घाला.

बुडत नसेल तर दगडाला बांधतात, आणि इथे हमखास घरातला कडप्प्याचा तुकडा वापरला जातो. कडप्पा आणि शहाबादी फरशी दोन्ही चुनखडीचे, पाण्याचा जडपणा वाढवतात. त्याऐवजी ग्रॅनाइट घ्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा हवा, पितळी किंवा जस्ताचा मुलामा असलेला नको. फांदी दोन काचांच्या मध्ये घट्ट अडकवू नका, भिजून फुगली की काच तडकते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो. लोक घाबरून फांदी फेकतात, पण तो निरुपद्रवी आहे. गोगलगाई तो खातात, किंवा ब्रशने काढता येतो. लाकूड काळे-मऊ पडून सडक्या अंड्याचा वास आला तरच बाहेर काढा.

आता मात्रा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. वाळू-दगड वजा जाता ४५-५० धरा. त्यात वीतभर लांबीचे एक बदामाचे पान किंवा जामाची चार-पाच पाने घालून आठवडाभर थांबा, मग हवे तर आणखी एक. आधी गरम पाण्यात दिवसभर भिजवले की पान बुडते आणि पहिला गडद रंग उतरतो. महिना-दीड महिन्यात पानाची जाळी होते, तेव्हा बदला.

पीएच (पाणी किती आम्लधर्मी हे सांगणारा आकडा, आम्ल वाढले की तो उतरतो) उतरवायला म्हणून मूठमूठ पाने टाकणे हा इथला सगळ्यात मोठा घोळ. बोअरच्या जड पाण्यातली कार्बोनेटे पानांतले आम्ल पचवून टाकतात, त्यामुळे पाणी चहासारखे होते आणि पीएच जागचा हलत नाही. मग आणखी पाने, आणि शेवटी सड. जडपणा कमी करायचाच असेल तर आरओचे पाणी मिसळावे लागते. गप्पी आणि मॉली या माशांना जड पाणीच मानवते, त्यांच्यासाठी हा खटाटोप कशाला? फायटर आणि टेट्रा यांना पानांचे पाणी आवडते, पण रोग झाल्यावर बदामाचे पान म्हणजे औषध नव्हे.

उन्हाळ्यात मात्रा निम्मी ठेवा. २० अंशाला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच, आणि मे महिन्यात आपल्या खोल्यांमध्ये टँक त्याच्याही वर जातात. सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करताना दिसले तर पाने लगेच काढा, एअर पंप पूर्ण सोडा, एक तृतीयांश पाणी क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने बदला आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची (प्रक्रिया केलेल्या कोळशाची) पिशवी टाका. त्याने रंगही उतरेल. दोन दिवस खाद्य बंद ठेवा.

आपला,
एक वाचक, नागपूर